आमची वाटचाल : बूट तोच, सोल चौथा

2001 साली बूट-चपला दुरुस्तीच्या दुकानासाठी कुर्ला पश्चिमेला आठ बाय दहाचा गाळा भाड्याने घेतला तेव्हा आम्ही दोघे होतो. डिपॉझिट माझं, शिलाई मशीन भागीदाराचं. चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी आणि बुटात घालायचे पायाच्या आकाराचे लाकडी फरमे वडिलांचे. ज्या तीन पायांच्या लोखंडी ऐरणीवर त्यांनी दादरला पुलाखाली बसून आयुष्यभर टाचा ठोकल्या, ती आजही माझ्या उजव्या हाताशी असते. रापी तेवढी दोनदा बदलली. धार लावून लावून पातं करंगळीएवढं उरलं होतं.

पहिली चार वर्षं बरी गेली. मग 26 जुलै 2005, मंगळवार. सांताक्रूझला त्या 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे मागून पेपरात वाचलं. आमचं माप वेगळं होतं : पाणी रॅकच्या चौथ्या कप्प्याला लागलं होतं. मिठी नदीचं पाणी ओसरल्यावर शटर उचललं, तर दुरुस्तीला आलेले 71 जोड गाळात.

भागीदार म्हणाला, "वाहून गेले म्हणून सांगू. अख्खं कुर्ला बुडालंय, कोण विचारतंय?"

खोटं कशाला बोलू, घटकाभर मलाही पटलं. पण पावत्यांवर सही माझी होती.

पहिलं काम चिखल धुण्याचं. गाळ चामड्यावर वाळला की सुटत नाही, म्हणून स्वच्छ पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश. इनसोल उपसून काढले. आत रद्दीचे बोळे, दर दोन तासांनी बदलायचे. बूट आडवे ठेवायचे, म्हणजे तळालाही हवा लागते. वीज नव्हती, पंखा नव्हता, पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. शिवलेले बूट तगले, नुसत्या सोल्युशनवर चिकटवलेल्यांचे सोल जबड्यासारखे उघडले. आकार जाऊ नये म्हणून फरम्यांवर चढवले. फरमे कमी, बूट जास्त, म्हणून पाळ्या लावल्या. चामडं थोडं ओलसर असतानाच क्रीम.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि भागीदाराने मला न विचारता अकरा जोड पत्र्यावर टाकले. संध्याकाळपर्यंत पापड! चामडं भराभर वाळलं की त्यातलं तेल जातं, धागे आखडतात आणि बोटं वाकतात तिथेच तडकतं. मग वर कितीही पॉलिश थापा. आजही लोक भिजलेला बूट फ्रिजच्या मागे नाहीतर हेअर ड्रायरखाली धरतात आणि मग आमच्याकडे येऊन "कंपनीच खराब" म्हणतात.

48 जोड वाचले. 23 गेले, त्यांत ते अकरा. सगळ्यांचे पैसे पतपेढीचं कर्ज काढून मी भरले.

वाचलेल्यांत फोर्टातल्या एका वकीलसाहेबांचा तपकिरी जोड होता. गुडइयर वेल्टचा. वेल्ट म्हणजे वरच्या चामड्याला कडेने शिवलेली पट्टी : सोल त्या पट्टीला शिवलेला असतो, म्हणून वरच्या चामड्याला धक्का न लावता तो काढून नवा बसवता येतो. साहेब बघायला आले, बूट हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "सावकाश दे रे. माझ्याकडे दुसरा जोड आहे." त्यांच्या बुटांचं आयुष्य या वाक्यात आहे. एक जोड सलग दोन दिवस ते घालत नाहीत, आतला घाम वाळायला एक दिवस देतात. आज त्या जोडाला चौथा सोल आहे.

दिवाळीत भागीदार मशीन उचलून गेला आणि समोरच दुकान थाटलं. बोर्ड काय, तर "26 जुलैला तुमचे बूट वाचवणारे"! पत्र्यावरच्या पापडांचा उल्लेख अर्थातच नाही. दीड वर्ष मी मेणाच्या दोऱ्याने हातशिलाई केली आणि गिऱ्हाईक तो बोर्ड वाचून तिकडे वळताना पाहिलं. तो बोर्ड अजून आहे. दरवर्षी रंगवतो.

2007 ते 2019 काम चाललं, मशीन घेतलं, लिहिण्यासारखं काही नाही.

लॉकडाऊननंतर मात्र पोतीभर बूट आले, सगळ्यांवर बुरशी. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेले. मुंबईच्या हवेत चामड्याला कापडी पिशवी द्या. स्वेड, म्हणजे मखमलीसारखं लव असलेलं चामडं असेल तर पाणी नको, कोरडा ब्रश. पांढरे कॅनव्हास सावलीत. कोल्हापुरी पावसाळ्यात बाहेर काढूच नका, काढलीच तर माझ्याकडे रडत येऊ नका. आणि स्पोर्ट्स शूज वॉशिंग मशीनमध्ये टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

त्या 48 पैकी तीन जोड न्यायला कोणी आलंच नाही. माळ्यावर आहेत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की त्यांना क्रीम लावतो. एकाचा पीयू (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) सोल न घालताच भुगा झाला; दमट हवेत पीयूचं तसंच होतं, कपाटात ठेवून बूट टिकतो हा गैरसमज आहे. त्याला रबराचा सोल माझ्या खर्चाने लावून ठेवलाय. एक आठ नंबर, एक नऊ, एक लेडीज पाच. पावती नसली तरी चालेल, रंग सांगा आणि घेऊन जा.