तुम्ही विचारलंत म्हणून: इंटर्नशिपमध्ये खरंच काही शिकायला मिळतं का?

बी.एड.ला अ‍ॅडमिशन घेतलेलं कोणी भेटलं की हा प्रश्न येतोच, परवा बडोद्यात दांडिया बाजारात एका लग्नघरी पण आला. "ताई, इंटर्नशिपमध्ये खरंच काही शिकायला मिळतं की नुसत्या फाइली भरायच्या?" मिळतं की. फक्त जिथे मार्क असतात तिथे नाही, असं माझं मत.

म्हणजे बघा, कॉलेजात आधी मायक्रो पाठ. 6 मिनिटं शिकवा, 6 मिनिटं फीडबॅक, 12 मिनिटांत परत तयारी, मग पुन्हा 6 आणि 6, असं 36 मिनिटांचं चक्र, आणि समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच मैत्रिणी, प्रश्न संपायच्या आत हात वर. मग सेतुपाठ, म्हणजे मायक्रो आणि पूर्ण पाठ यांच्यामधली पायरी, मग छूटक पाठ, म्हणजे सुटे एकेक पूर्ण पाठ, आणि मग शाळा. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात इंटर्नशिप 20 आठवड्यांची. आमच्या काकांना हे सांगितलं की ते थेट सयाजीरावांवर येतात, 1906 मध्ये अख्ख्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींना पण, वगैरे. बरोबर आहे काका, पण सातवीच्या पोरांना जेवणाच्या सुट्टीनंतर जागं कसं ठेवायचं ते महाराज सांगून नाही गेले!

मला गुजराती मीडियमची शाळा मिळाली, सातवी, गणित. पोरं भलती बेरकी. दर वर्षी तालीमार्थी, म्हणजे आमच्यासारखे शिकाऊ शिक्षक, येणार, पाठ देणार, जाणार, हे त्यांना पक्कं माहीत. "बेन, आजे साहेब आववाना छे?" म्हणजे ताई, पाठ बघून मार्क देणारे कॉलेजचे सर आज येणार का? हो म्हटलं की वर्ग चिडीचूप, एक जण तर साहेबांसाठी मागचं बाक पुसून ठेवायचा. अशा तासात तुम्हाला मार्क मिळतात, वर्ग कळत नाही.

वर्ग कळतो प्रॉक्सीला. कोणी रजेवर असलं की "बेन, जरा सातवी बघा ना", आणि हातात ना प्लॅन ना चार्ट. अशाच एका तासाला ऋण संख्या चालल्या होत्या, (-5) - (-3) फळ्यावर लिहिलं तर अर्ध्या वर्गाचं उत्तर -8. कधी तोंड न उघडणारी एक मुलगी, वडिलांचं किराण्याचं दुकान, ती बसल्या जागेवरून म्हणाली, पाच रुपये उधार होते, त्यातले तीन माफ केले, दोनच राहिले ना. झालं, पुढचा तास सगळा उधारीवर, आणि साहेब आलेले नसल्यामुळे कोणी हात वर करून बोलत नव्हतं, सगळे एकदमच बोलत होते.

दुसरं म्हणजे जुन्या शिक्षिकांच्या वर्गात मागे बसून बघा. आमच्या शाळेतल्या एक बेन फळ्यावर लिहिताना कधी पूर्ण पाठ फिरवायच्या नाहीत, तिरक्या उभ्या राहून लिहिता लिहिता मोठ्याने वाचायच्या आणि त्याच वाक्यात, सूर न बदलता, मस्ती करणाऱ्याचं नाव घुसवायच्या. पोरगा गप्प, वाक्य चालूच. हे कुठल्या पाठ योजनेच्या रकान्यात बसवणार?

तेव्हा प्रॉक्सी मागून घ्या, शक्यतो सुट्टीनंतरचा. आणि फाइल रोजच्या रोज भरा बाई, शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना एकाच शिक्षकांची सही हवी असते आणि ते नेमके तेव्हाच इलेक्शन ड्यूटीवर असतात.