डेटा उडाला? आधी मशीन बंद करा

कराडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ‘डेटा उडाला’ म्हणत कोणी आलं की मी आधी दोनच गोष्टी विचारतो: उडाल्यानंतर मशीनवर काय काय केलंत, आणि आत फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी, काहीच न फिरणारी डिस्क? फाइलचं नाव, किती महत्त्वाची होती, कोणी उडवली, हे सगळं मागाहून. पहिल्या प्रश्नावर माणूस चाचरतो. कारण दुकानात येईपर्यंत पुतण्याने यूट्यूब बघून दोन-तीन रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोड केलेली असतात, आणि तीही त्याच सी ड्राइव्हवर, जिथून फाइल गेली.

यात काय बिघडतं? एनटीएफएस ही विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. अशा डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबलात असते, साधारण 1 केबीची. शिफ्ट दाबून डिलीट मारलं की त्या नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण पडते आणि फाइलने अडवलेली जागा मोकळी म्हणून मांडली जाते. मजकूर जिथल्या तिथेच असतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेत काही कोणी उचलून नेत नाही, तसंच. फक्त ती जागा आता दुसऱ्या कोणालाही मिळू शकते. ब्राउझर नुसता उघडा असला तरी डिस्कवर काहीबाही लिहीत असतो, अपडेट तर जीबीच्या हिशोबात जागा खातं. पुतण्याचं सॉफ्टवेअर नेमकं काकांच्या फाइलवर जाऊन बसलं, तर पुढे मीच काय, कोणीच काही करू शकत नाही.

म्हणून फाइल सी ड्राइव्हवरची असेल तर मशीन बंद करा आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा. जमत नसेल तर ज्याला जमतं त्याच्याकडे न्या, पण चालू करून बघू नका. पेनड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर काम सोपं, काढून खिशात ठेवायचं.

हे झालं फिरत्या हार्ड डिस्कचं. एसएसडी आल्यापासून माझ्या धंद्यात ‘नाही हो’ म्हणायची वेळ फार येते. विंडोज 7 पासून ट्रिम नावाची सोय आहे. फाइल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला कळवतं, ही जागा आता लागत नाही. एसएसडी ती आपल्या सवडीने पुसून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी लिहिणं भरभर होतं. इथे सातबाऱ्यावरून नाव कमी झालं की मागोमाग जेसीबीच येतो.

एका दूध संस्थेचे सचिव असाच लॅपटॉप घेऊन आले होते. सभासदांच्या बिलांची एक्सेल फाइल शिफ्ट-डिलीटने गेलेली. स्कॅन लावल्यावर फाइल यादीत दिसली: नाव बरोबर, तारीख बरोबर, साइजसुद्धा बरोबर. सचिवांचा चेहरा खुलला. काढून घेतली तर उघडेना. “नाव दिसतंय की भाऊ, मग उघडत कसं नाही?” मग मी ती हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधला एकेक बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून दाखवली. वरपासून खालपर्यंत 00 00 00, दुसरा आकडा नाही. टेबलातली नोंद शिल्लक होती, मजकूर पुसला गेला होता. जाहिरातीतली पुष्कळ सॉफ्टवेअर याच यादीच्या जोरावर आधी पैसे मागतात. प्रीव्ह्यूमध्ये फाइल खरोखर उघडून दिसत नसेल तर एक रुपया भरू नका.

सचिवांची फाइल शेवटी मिळाली, पण ती माझी करामत नव्हे. लॅपटॉप सुरू करताना त्यांनी मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं होतं आणि डेस्कटॉप गुपचूप वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, चढत होता. त्यांना त्याचा पत्ताच नाही. वेबसाइटवर लॉगइन केलं तर तिथल्या रिसायकल बिनमध्ये फाइल पडलेली. घरगुती खात्यात ती तिथे 30 दिवस राहते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्येही 30 दिवस. त्यामुळे आता मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ईमेल आयडी विचारतो.

लग्नसराईत गिऱ्हाईक फोटोग्राफरचं. हळदीचं कार्ड चुकून कॅमेऱ्यातच फॉरमॅट झालेलं असतं. कार्डाला रिसायकल बिन नसतो, पण कॅमेऱ्यातला साधा फॉरमॅट बहुतेक वेळा वरची यादीच कोरी करतो. अशा वेळी मी फोटोरेक नावाचं रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, दिसायला काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, त्यामुळे लोकांचा विश्वास बसत नाही. आधी कार्डाची जशीच्या तशी इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डाची एका फाइलमधली नक्कल, काढायची, कार्ड बाजूला ठेवायचं आणि स्कॅन इमेजवर लावायचा. फोटोरेक यादीच्या नादाला लागत नाही. ते सरळ बाइट वाचत जातं. जेपीईजी फोटोच्या सुरुवातीला असणारी एफएफ डी8 एफएफ ही खूण दिसली की इथे फोटो सुरू झाला असं धरतं. फोटो याने छान निघतात. व्हिडिओचं तसं नाही. मोठी फाइल कार्डावर तुकड्यांत विखुरलेली असू शकते, आणि एमपी4 ची अनुक्रमणिका अनेकदा रेकॉर्डिंग थांबल्यावर शेवटी लिहिली जाते. तो तुकडा सापडला नाही तर बाकीचं असूनही चालत नाही. नवरदेवाच्या मित्रांचा नाच गेला तर गेला, मंगलाष्टकांचा व्हिडिओ गेला की भांडण होतं.

हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र माझ्याकडेही आणू नका, आणि घरी तर मुळीच चालवू नका. ते क्लीन रूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, असलेल्या लॅबचं काम, खर्चही तसाच. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवून बघा असं सांगणारे अजून भेटतात. त्यांनी आपल्या फ्रीझरमध्ये मटार ठेवावेत.

येताना एक रिकामी डिस्क आणा. सापडलेलं त्याच डिस्कवर परत उतरवणं म्हणजे पुतण्याचाच उद्योग. आणि नावं परत मिळतील असं धरून चालू नका. फोटोरेक सगळं रिकप_डिर.1, रिकप_डिर.2 अशा फोल्डरांत टाकतं, फाइलचं नाव म्हणजे एक एफ आणि पुढे आकडे. व्हॉट्सॲपची गुड मॉर्निंग, वेबसाइटचे चिटुकले आयकॉन, जुन्या शूटिंगचे फोटो, सगळं एकत्र. मी साइजने लावून बारीक कचरा आधी उडवतो, मग फोटोच्या पोटात कॅमेऱ्याने लिहिलेल्या तारखेने गठ्ठे पाडतो. दोन कॅमेऱ्यांनी शूट केलं असेल आणि एकाचं घड्याळ चुकलं असेल, तर हळद लग्नानंतर लागते. ते लावत बसायचं काम फोटोग्राफरचं, माझ्या बिलात ते नाही.