पेपर सोपा, ओओडी अवघड

विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाचा दोन दिवसांचा सेमिनार आहे आणि प्राथमिक शिक्षकांनाही पेपर वाचता येईल, असा मेसेज ग्रुपवर आला आणि मी त्याच रात्री सारांश पाठवून दिला. विषय तयारच होता. आमची शाळा बेळगाव जिल्ह्यातली, मराठी माध्यमाची, पहिली ते पाचवी. 2015 च्या कायद्यानं कर्नाटकात कन्नड शिकणं सक्तीचं झालं, त्यामुळे आमच्या पोरांना मराठीच्या जोडीला कन्नड आहेच. चौथी-पाचवीची मुलं कन्नड वाचताना नेमकी कुठं अडखळतात, याच्या नोंदी मी वर्षभर वहीत ठेवल्या होत्या. सारांश मंजूर झाला, फी भरली, पावती आली. घोडं अडलं ते ओओडीवर, म्हणजे बाहेरच्या कामाला गेलो तरी ड्यूटीवरच धरायच्या परवानगीवर.

सरकारी शिक्षकाला शाळेच्या वेळात असल्या कामाला जायचं तर ओओडीचा आदेश लागतो. नाहीतर सरळ सीएल, म्हणजे किरकोळ रजा, टाकायची. बरेच जण तेच करतात, आणि मलाही चार जणींनी तेच सांगितलं. ‘कशाला नादाला लागतीस? दोन सीएल टाक आणि जा की.’ पण मला ते पटेना. माझ्याच वर्गातल्या पोरांवरचं काम मांडायला चालले होते, मग माझी रजा का जावी?

अर्ज मी कन्नडमध्येच लिहिला. भाषेवरून अडवायला जागा ठेवायची नाही, हा माझा जुना नियम आहे. एचएमची (मुख्याध्यापकांची) सही, सीआरपींची (आमच्या शाळांच्या गटाचे साधन व्यक्ती) शिफारस, सगळं लावून अर्ज शिक्षण खात्याच्या कार्यालयात टपालात दिला आणि आवक नंबर घालून झेरॉक्स घेतली. ही झेरॉक्स मागून घ्याच. आपण होऊन कुणी देत नाही.

मग सुरू झालं ‘नाळे बर्री’, म्हणजे उद्या या. केस वर्करचं, म्हणजे फाईल बघणाऱ्या कारकुनाचं, पहिलं म्हणणं, स्वीकृतिपत्रात तुमचा पेपर कुठल्या दिवशी आहे ते नाही, मग दोन्ही दिवसांची ओओडी कशी द्यायची? विद्यापीठात फोन केला तर तिथून उत्तर, वेळापत्रक आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकू. म्हणजे कार्यालयाला दिवस कळल्याशिवाय आदेश निघणार नाही, आणि विद्यापीठ दिवस सांगणार कधी, तर आदेश काढायची वेळ संपल्यावर. पुढच्या खेपेला दुसरी हरकत निघाली. पत्र तुमच्या वैयक्तिक नावानं आहे, कार्यालयाच्या नावानं पाहिजे.

माझी फाईल टेबलावर क्षीरभाग्यच्या, म्हणजे शाळेतल्या पोरांना दूध द्यायच्या योजनेच्या, दूध पावडरीच्या हिशेबांखाली होती. मी ती रोज बघत होते, कारण कोपऱ्यातून माझ्या प्लास्टिक फोल्डरची हिरवी कड बाहेर आलेली दिसायची. पंच मशीनला सुतळी बांधून ती टेबलाच्या पायाला अडकवलेली. शाळा सुटल्यावर धावत यायचं, बाकावर बसायचं, केस वर्कर फोनवर बोलणार, मी त्या सुतळीकडं बघत बसणार. एकदा ‘साहेब मीटिंगला गेलेत’, एकदा ‘नेट नाही’.

तिसरी हरकत मात्र खरी होती, तेवढं मान्य करते. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) हिशेबानं साठपर्यंत पट असला की पाचवीपर्यंतच्या शाळेला दोनच शिक्षक. आमच्याकडं एक मी आणि एक एचएम, आणि एचएमना कधी कुठल्या बैठकीचं बोलावणं येईल सांगता येत नाही. ‘तुमच्या जागी कोण?’ आमच्या आवारातच कन्नड शाळा आहे. तिथल्या एका टीचर दोन दिवस माझा वर्ग सांभाळायला आनंदानं तयार होत्या. तर म्हणाले, कन्नड माध्यमाच्या शिक्षिकेला मराठी वर्ग कसा देणार? अहो, त्या मूळच्या निपाणीच्या, माझ्यापेक्षा झणझणीत मराठी बोलतात! हे सांगून काही झालं नाही. त्यांचं संमतीपत्र, त्यांच्या एचएमचं पत्र, दोन्ही आणून दिल्यावर ती हरकत मिटली.

बाकीच्या दोन हरकती एका कागदानं सुटल्या. विभागाच्या समन्वयकांना फोन करून मी सरळ सांगितलं, लेटरहेडवर पत्र द्या, ते आमच्या कार्यालयाला उद्देशून, माझं आणि शाळेचं नाव घालून, ‘दोन्ही दिवस उपस्थिती आवश्यक’ असं स्पष्ट लिहून. दहा मिनिटांत मेलवर आलं. असलं पत्र विद्यापीठाला नवीन नाही, फक्त मागावं लागतं. फी भरायच्या आधीच मागा. आदेश आला तो सेमिनारच्या आदल्या संध्याकाळी, कार्यालय बंद व्हायच्या वेळी, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून. तिरका काढलेला, पण सही-शिक्का वाचता येत होता. त्या क्षणी मला पेपर मंजूर झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

बसचा खर्च शून्य. शक्ती योजनेत आधार कार्ड दाखवलं की बायकांना शून्य रुपयांचं तिकीट मिळतं.

पेपरला दहा मिनिटं होती, पण उद्घाटनाची भाषणं लांबली आणि प्रत्येकाची चार मिनिटं कापली गेली. मी सिद्धांताच्या स्लाइड सोडून दिल्या आणि वह्यांचे फोटोच दाखवले. कन्नडमध्ये ओ आखूड असला तर ‘कोडु’ म्हणजे दे, लांब असला तर शिंग. लिपीत दोन्हींची खूण वेगळी असते, पण मराठी पोरांच्या कानाला ओ एकच, त्यामुळे हातही एकच खूण काढतो. आणि जोडाक्षरात आपल्याकडं अर्धं अक्षर आधी, तर कन्नडचं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, खाली लोंबतं, ते मुलं वाचायचंच विसरतात. अध्यक्षांनी विचारलं, ‘सॅम्पल किती?’ मी म्हटलं, ‘सर, माझा वर्ग तेवढाच. कृती संशोधन आहे.’ पुढं त्यांनी काही विचारलं नाही, पण चहाच्या वेळी एका डीएड कॉलेजच्या सरांनी वह्यांचे फोटो मागून घेतले.

राहिलंच, स्लाइड पीडीएफ करून न्या. जुन्या नुडीत (कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप केलेलं कन्नड दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हं दाखवतं. माझ्या आधीच्या सरांची तीच गत झाली. आणि निघताना सहभागाच्या रंगीत प्रमाणपत्रावर खूश होऊन घरी येऊ नका. हजेरीचं प्रमाणपत्र वेगळं असतं, तारखांसकट, आणि कार्यालयाला तेच लागतं.

ते द्यायला मी गेले तेव्हा केस वर्करनी शिक्का मारला आणि म्हणाले, ‘पुढच्या वेळी जरा आधी अर्ज देत जावा, बाई.’ मी आवक नंबराची झेरॉक्स टेबलावर ठेवली. तारीख सेमिनारच्या महिनाभर आधीची होती. त्यांनी ती पंच केली आणि फाईलला लावून टाकली.