अकराव्या तासाचा बिघाड

१४ जुलै, रात्रीचे साडेनऊ. वेर्णा, गोवा.

आमच्या दीर्घकाळ उडणाऱ्या ड्रोनच्या चोवीस तासांच्या जमिनीवरील दोन चाचण्या निर्विघ्न पार पडल्या होत्या. तिसरी मात्र काल अकराव्या तासाला थांबवावी लागली. इंजिन सुरळीत चालले होते, तापमान मर्यादेत होते, तरीही उड्डाण संगणकाला मिळणारे व्होल्टेज क्षणभर खाली येऊन पूर्ववत होत होते. हवेत असताना असा क्षण लांबला, तर संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत विमान कोणाच्याच ताब्यात राहणार नाही.

दुसरी समांतर तार टाकावी, अशी सूचना सकाळच्या बैठकीत आली. तारा, कनेक्टर आणि पट्ट्या धरून तिचे वजन १०० ग्रॅम भरते. आमचे इंजिन ताशी सुमारे ४०० ग्रॅम पेट्रोल जाळते, म्हणजे एकूण वजन तेच ठेवायचे तर पाव तासाचे उड्डाण गेले. कॅमेऱ्याच्या काचेवर दव धरू नये म्हणून बसवलेला १० वॅटचा हीटरसुद्धा वीस तासांत जवळजवळ तेवढेच पेट्रोल खातो. असे पाव-पाव तास मी गेली दोन वर्षे जिवापाड जपत आले आहे, त्यामुळे कारण कळण्याआधी वजन वाढवायला मी ठाम नकार दिला.

पावसाळ्यात इथे कुठलाही बिघाड दमट, खाऱ्या हवेच्या माथी मारण्याची आम्हां सर्वांना सवय आहे. दुपारी वायरिंग पाहणाऱ्या भाईंनी इंजिनाजवळचा कनेक्टर सोडवून भिंगाखाली धरला. तांबे गंजले असते तर हिरवट थर दिसला असता. इथे पिनेवर काळसर भुकटी होती, आणि तीही फक्त सॉकेट जिथे घासते त्या बारीकशा पट्ट्यात. "मॅडम, पिन सोन्याची आहे, सॉकेट कथलाचे," भाई म्हणाले.

इंजिनाच्या कंपनाने दोन्ही भाग केसभर सरकत राहतात. प्रत्येक घासणीत कथलाचा मऊ मुलामा खरवडला जातो, त्याचे ऑक्साइड बनते, ते कथलापेक्षा कठीण असलेल्या सोन्याच्या मुलाम्यावर साचते आणि विजेची वाट हळूहळू अडते. पिन एका पुरवठादाराची, सॉकेट दुसऱ्याचे. दोन्ही आपापल्या नकाशाप्रमाणे अचूक. त्यांना जोडणाऱ्या इंटरफेसच्या कागदावर पिनेचा क्रमांक, व्होल्टेज, करंट, तारेची जाडी असे सर्व काही आहे, मुलाम्याचा रकाना नाही. त्या कागदावर सही माझी आहे. सिस्टिम इंजिनिअरचे काम दोन बरोबर गोष्टींच्या मधल्या जागेचे असते, आणि ती जागा मी मोकळी सोडली, याचे मला मनापासून वाईट वाटले.

संध्याकाळी नासाच्या हेलिओसची आठवण आली. सौरऊर्जेवर चालणारे ते विमान २००१ मध्ये ९६,८६३ फुटांवर गेले होते. रात्रीही उडता यावे म्हणून पुढे त्यावर हायड्रोजनपासून वीज बनवणारे इंधन घट (फ्युएल सेल) चढवले, पंखांवरील भाराची वाटणी बदलली आणि २००३ मध्ये ते हवाई बेटांजवळ मोडून समुद्रात पडले. त्या बदलाने विमान किती नाजूक झाले आहे, याचा नीट अंदाज आधीच्या विश्लेषणातून आला नव्हता. आमचे प्रकरण त्यामानाने फारच लहान आहे, पण जमिनीवर सापडले हे मी मोठेच समजते.

पिना स्पिरिटने पुसून पुन्हा जोडल्या असत्या, तर पुढची चाचणी बहुधा पार पडली असती आणि दोष आणखी काही तास लपून राहिला असता. म्हणून भाईंनी दोन्ही बाजू सोन्याच्या मुलाम्याच्या बसवल्या, तार इंजिनाच्या चौकटीला जवळून बांधली आणि साडेसहाला इंजिन पुन्हा सुरू केले. अकरावा तास पहाटे साडेपाचला पुरा होईल. तो सुखरूप गेला तरी माझे समाधान होणार नाही, कारण जुना जोड बिघडेपर्यंत तीन चाचण्यांचे मिळून एकोणसाठ तास झाले होते. या जोडाचे तास आजपासून वेगळ्या पानावर लिहायला घेतले आहेत. आत्ता तिथे ३ हा आकडा आहे.