जुना ट्रेलर, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मला झालेला मनस्ताप

गाडीमागे जोडून ओढायचा, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा जुना ट्रेलर घेतला. खरेदी, कागदपत्रं सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते वर्कशॉपमध्ये.

मागच्या बाजूला, बंपरच्या जरा वर, रंगाला फोड आले होते. नखाने टोकरलं की आतून पांढरी भुकटी पडायची. ॲल्युमिनियमवर तांबेरा चढत नाही, त्याचा गंज हाच. वर्कशॉपवाल्यांचं एकच पालुपद: "वरवरचं आहे, घासून रंग मारून देतो." मी परोपरीने सांगितलं, खालची पट्टी उघडा, आत बघा. रिव्हेट (पत्रा पक्का जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या) काढायला कोणी तयार होईना. ट्रेलर तिथे नुसता पडून, फोन केला की "उद्या बघतो". शेवटी चकाचक रंग मारून हातात दिला आणि थोडे पाऊस अंगावर घेतल्यावर त्याच जागी पुन्हा फोड! अजून आठवलं की डोकं तापतं, कारण दुखणं रंगाचं नव्हतंच. पत्रा थेट लोखंडी चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, टेकलेला होता आणि मधे ओल. दोन वेगळे धातू आणि पाणी एकत्र आले की तिथे बॅटरीच तयार होते. झिजतं ते ॲल्युमिनियम. त्यात समुद्राची खारी हवा किंवा बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ असेल तर विचारायलाच नको.

दुसऱ्या कारागिराने आधी पट्टी उघडली, मगच बोलला. पत्र्याची कड बोटाने दाबली तरी तुटत होती. खराब भाग कापून नवा पत्रा, चासी घासून प्रायमर, मधे ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) आणि रिव्हेट ॲल्युमिनियमचेच. लोखंडी स्क्रू ठोकू देऊ नका, तेच दुखणं परत येतं.

पारदर्शक कोटाखाली रिव्हेटभोवती अळीने कोरल्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर तोही गंजच. पण लगेच सँडपेपर चालवू नका. रंग न देता नुसतं पॉलिश केलेल्या काही ट्रेलरांत मिश्रधातूच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. खरं संरक्षण त्याचंच आणि घासलात की तो गेला. लोखंडी ब्रशही नको, त्याचे कण पत्र्यात रुततात.

आणि फरशीला नवं प्लायवुड घालणार असाल तर तांब्याच्या औषधाने प्रक्रिया केलेलं घेऊ नका. ते ओलं झालं की टेकलेला पत्रा पोखरतं.

ट्रेलर बघायला जाल तेव्हा टॉर्च घेऊन खाली आडवे व्हा आणि मागच्या टोकाला पत्रा चासीला जिथे टेकतो ती जागा आधी बघा. मालक "कशाला?" म्हणाला तरी बघा.