भाषा निवडा

नवा टीव्ही भिंतीवर चढला, वायर जोडली, पडदा उजळला आणि पहिल्यांदा काय आलं, तर प्रश्न. भाषा निवडा. खाली ओळीनं याद्या. रिमोट माझ्या हातात आणि मागं घरातली पाच माणसं उभी.

आई म्हणाली, "मराठी घाल की, त्यात विचारायचं काय?" वहिनी बैलहोंगलची. माहेरी घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की कन्नड, शाळाही कन्नडच. ती काही बोलली नाही, नुसती यादीतल्या कन्नडकडं बघत राहिली. बाबांनी चष्मा शोधायला सुरुवात केली, म्हणजे त्यांना मत द्यायचं नव्हतं. दादानं मोबाइलमध्ये तोंड घातलं. शेवटी आठवीतली पुतणी म्हणाली, "काका, इंग्लिश कर ना. बाकीच्यात सेटिंग सापडत नाहीत." मी बटण दाबलं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून आमच्याकडं भिजत पडलेला प्रश्न पोरीनं असा दोन सेकंदांत मिटवला. कुणाचंच समाधान झालं नाही, त्यामुळं भांडणही झालं नाही.

तेव्हापासून माझ्या लक्षात यायला लागलंय की हल्ली प्रत्येक यंत्राला हे विचारायचंच असतं. एटीएम विचारतं. फोनवरची बाई विचारते, "कन्नडक्कागि ओंदन्नु ओत्ति", मग हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मराठीसाठी काहीच नाही, म्हणून आपण दोन दाबायचं आणि पलीकडून जो पोरगा बोलायला लागतो तो निघतो गोकाकचा. त्याची हिंदी आमच्याएवढीच. चार वाक्यं दोघंही "है" लावून झुंजतो, मग तो हळूच म्हणतो, "सर, कन्नड बरतद एन्?" म्हणजे, कन्नड येतं का? मी म्हणतो, "स्वल्प." आणि मग काम होतं. त्या स्वल्पावर आमचा अर्धा जिल्हा चाललाय.

आमच्या आजोबांच्या रेडिओनं असलं काही विचारलं नाही. घर शहापुरात, खाली माग, वर आम्ही. साडीचे माग चालू असले की घरात कुणीच हळू बोलत नाही. बाहेरच्याला वाटतं यांच्यात भांडण लागलंय. त्या खडखडाटाच्या वर फळीवर रेडिओ. डावीकडं ७६५ वर धारवाड, काटा उजवीकडं नेला की १२५१ वर सांगली. धारवाड जवळ, ते कसंही ठेवा, यायचंच. सांगलीचं नखरेल काम. रेडिओ जरा फिरवला की आवाज भरून यायचा, आणखी बोटभर फिरवला की बसायचा. पुढं एकदा रेडिओ उघडल्यावर कळलं की मीडियम वेव्हसाठी आत एक काळी कांडी असते, तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. ती कांडी स्टेशनच्या दिशेला आडवी पाहिजे. तिचं टोक स्टेशनकडं झालं की आवाज पडतो. आजोबांना कांडी माहीत नव्हती. पण फळीवर त्यांनी पेन्सिलनं एक रेघ मारून ठेवली होती. रेडिओची पुढची कड रेघेला लागली की सांगली. फळी पुसताना ती रेघ पुसली म्हणून आजीनं बोलणी खाल्लेली मला आठवतात.

"आपलं संस्थान लाव," असं ते म्हणायचे. शहापूर एके काळी सांगली संस्थानात होतं, बेळगावच्या अंगाला चिकटलेलं आणि तरी पटवर्धनांचं. संस्थान विलीन होऊन किती वर्षं झाली होती, पण आजोबांच्या लेखी आकाशवाणी सांगली म्हणजे दरबारातूनच कुणीतरी बोलतंय. बातम्या तिथल्या. गाणं मात्र धारवाडचं. त्यात तडजोड नाही. "गावं तर धारवाडकडच्यांनी," हे त्यांचं मत, आणि जिथं मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल होते त्या मुलखाबद्दल ते चूकही नव्हतं. निवेदन कन्नडमध्ये. आजोबांना कन्नड बाजारापुरतं. राग कुठला ते निवेदक सांगायचा, तेवढा शब्द कळला की झालं. म्हणजे एका संध्याकाळी एकाच फळीवर दोन भाषा यायच्या आणि मधे नुसती खरखर. ती खरखरही मला आवडायची, का ते सांगता येणार नाही.

टीव्हीनं पहिल्यांदा आम्हाला भाषेच्या खान्यात बसवलं. डिश घेतली तेव्हा पत्त्याच्या पिनकोडवरून आम्ही 'साउथ' ठरलो. साउथ पॅकमध्ये तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड असं सगळं भरभरून. आईची संध्याकाळची मालिका तेवढी नाही. तमिळ स्वयंपाकाचे कार्यक्रम बघून आईनं दोन-तीन महिने काढले आणि आमच्या आमटीत चिंच वाढली. मराठी वाहिन्यांसाठी वरचे पैसे भरावे लागायचे. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नवा नियम आला, ज्याला जी वाहिनी पाहिजे ती त्यानं मागून घ्यावी. शंभर वाहिन्यांचे १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाच्या वाहिन्यांचे दर वेगळे, काहींचे महिन्याला १९ रुपयांपर्यंत. बाबांनी वहीचं पान फाडून त्यावर रकाने केले. आईच्या दोन मराठी, वहिनीच्या दोन कन्नड, दादाचं क्रिकेट, पुतणीची कार्टूनं. बेरीज झाली, बाबांनी ती दोनदा केली. मग कात्री कुणाच्या वाहिनीला लावायची यावर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. आईनं आणि वहिनीनं आपापली एकेक सोडली आणि क्रिकेट तसंच राहिलं, यावरून आमच्या घरात खरी भाषा कुठली ते कळावं.

त्यानंतर गंमत अशी झाली की दोघी एकमेकींच्या मालिका बघायला लागल्या. कथा काय, दोन्हीकडं सासू तीच. आईला कन्नड संवाद सगळे कळत नाहीत, पण पार्श्वसंगीत कळतं. "आता ती औषधाची बाटली बदलणार बघ," असं ती आधी सांगते आणि बाटली बदलली जाते.

डबिंगबद्दल माझं मत पूर्वी कडक होतं. ओठ एकीकडं, शब्द दुसरीकडं, बघवत नाही. कन्नडमध्ये तर कित्येक दशकं डबिंग करूच द्यायचं नाही असा चित्रपटवाल्यांचा अलिखित दंडक होता. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगानं तो चुकीचा ठरवला, तेव्हा कुठं वाट मोकळी झाली. वहिनी सांगते की त्यामुळं त्यांच्याकडं लहानपणी हिंदी मालिका हिंदीतच बघायला लागायच्या आणि तिला हिंदी आली ती त्यातून. म्हणजे डबिंग नसल्याचा हा फायदा. आता सगळं सगळ्या भाषांत मिळतं आणि पुतणीला हिंदी येत नाही. ती जपानी कार्टून इंग्रजी आवाजात बघते आणि खाली कन्नड अक्षरं लावते, कारण शाळेत कन्नडचा पेपर असतो. हे बरं की वाईट, मला ठरवता आलेलं नाही.

कांतारा आला तेव्हा मात्र आम्ही तोरा मिरवला. ३० सप्टेंबर २०२२ ला तो कन्नडमध्ये लागला, हिंदी यायला १४ ऑक्टोबर उजाडला. तेवढे दोन आठवडे पुण्याच्या आत्येभावाला मी फोनवर सांगत होतो, "अरे, मुळातून बघण्याची मजा वेगळी." मुळातून म्हणजे काय, तर थिएटरात वहिनीच्या शेजारी बसून. दर पाच मिनिटांनी मी विचारायचो, काय म्हणाला? तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "भावजी, मला पण सगळं कळंना झालंय. ही समुद्राकडची भाषा आहे, आमची न्हवं." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की कन्नड म्हणजेसुद्धा एकच काहीतरी नाही. आत्येभावाला हे अजून सांगितलेलं नाही.

मोबाइलवर तर आम्ही कर्नाटकात आहोत हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. आई सकाळी देवासमोर फोन ठेवून हरिपाठ लावते. तिसऱ्या अभंगाला मधेच कन्नडमध्ये पाण्याच्या पाइपची जाहिरात. खणखणीत आवाज, वर ढोल. पूर्वी आई दचकायची. आता हात जोडलेलेच ठेवते आणि "साक री, साक," एवढं म्हणते, जसं ती शनिवार खुटावर भाजीवाल्या अक्काला पिशवी भरल्यावर म्हणते. विठ्ठलाची काही तक्रार नसावी. ज्ञानोबांनीच त्याला कानडा म्हणून ठेवलंय.

टॉवरचं त्याच्या उलट. त्याला राज्य कळतच नाही. वेंगुर्ला रस्त्यावर बाची हे आमच्याकडचं शेवटचं गाव, त्याच्या पुढं शिनोळी, ते चंदगड तालुक्यात, महाराष्ट्र. बाचीला मावशीचं घर. पुढच्या सोप्यात बसलं की फोन कर्नाटकात, परड्यात म्हशीजवळ गेलं की महाराष्ट्रात, "आपले स्वागत आहे" असा मेसेजसुद्धा यायचा. म्हैस तिथंच जन्मली, तिचं कुणी स्वागत केलं नाही. त्या वेळी रोमिंगमध्ये आलेला फोन उचलला तरी पैसे कापायचे, म्हणून काकांचा घरात नियम होता: धार काढताना फोन वाजला तर उचलायचा नाही, सोप्यात येऊन उलटा लावायचा. आठ-दहा वर्षं झाली, ते पैसे गेले. पण मावशी अजून फोन वाजला की शेणाचे हात धुऊन आधी सोप्यात येते. तोवर तो बंद पडलेला असतो.

माझा खरा राग आहे तो बोलून लिहिण्याच्या सोयीवर. आपण बोलायचं, फोननं लिहायचं. कल्पना नामी. मी मराठी निवडलं, मित्राला विचारायचं होतं, "काय करालायस?" फोननं लिहिलं, "काय कराल यश". मी न वाचता पाठवलं. उत्तर आलं, "यश कोण बे?" पुन्हा सावकाश बोललो. "काय कराल यश." चार वेळा झाल्यावर मी हार मानून पाठ्यपुस्तकातल्यासारखं म्हटलं, "काय करत आहेस?" ते बरोबर उमटलं. मित्राचा लगेच फोन आला. घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारत होता.

म्हणजे यादीत मराठी आहे, आणि ती निवडली तरी आम्ही त्या यादीत नाहीच. फोनमधली मराठी भलतीच शिष्ट. ती 'अनुमती' मागते, 'रद्द करा' म्हणते, 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणते. आईला नवा फोन घेतला तेव्हा हौसेनं सगळं मराठीत करून दिला. दुसऱ्या दिवशी तिनं हाक मारली, "हे बघ रे, कोण अनुमती मागायलंय?" मी म्हटलं, "अ‍ॅप मागतंय, फोटो बघायची." "त्याला कशाला आपले फोटो?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. तिनं 'नाकारा' दाबलं. तेव्हापासून ती सगळ्यालाच नाकारा दाबते आणि तिच्या फोनमध्ये निम्म्या गोष्टी चालत नाहीत. तिचं काही अडत नाही.

तिला एकच गोष्ट पसंत पडली, व्हॉट्सअ‍ॅपवरचा माइक. अंगठा दाबून धरायचा, बोलायचं, सोडायचं. त्याला भाषा निवडावी लागत नाही. मला स्वतःला कुणी दोन-दोन मिनिटांची बोलणी पाठवली की वैताग येतो. पुतणी ती दीडपट वेगानं ऐकते, तेही मला पटत नाही, माणूस घाबरल्यासारखा वाटतो. पण आईचं बोलणं मी आहे तसं ऐकतो. काल दुपारी आलेलं सतरा सेकंदांचं होतं. आधी नुसता मागाचा खडखडाट, त्यात कुकरची एक शिट्टी, आणि मग त्या सगळ्यावर चढवलेला आवाज: "ऐकायला येतंय काय? येताना अर्धा लिटर दूध घे. आणि त्या अक्काचे चाळीस रुपये र्‍हायलेत, ते दे. कोथिंबीर एष्टु विचार, दहाला दोन दिली तरच घे, न्हाईतर बेड म्हण. आणि वहिनी म्हणत्या, तिचं ते, काय गं, हां, रिचार्ज. ठेवू? हे कसं ठेवायचं गं—"