कोलंबो ते जाफना विमानाने, 2007: 'तासाभरात पोचाल' यावर विसंबून चालत नव्हतं

"तासाभरात जाफना!" कोलंबोतल्या एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं. पहाटे साडेतीनला खोली सोडली, जाफना शहरात उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. विमान तासाभराचंच होतं, बाकीचा वेळ दोन्ही टोकांच्या लष्करी तळांवर गेला. हे जून 2007 मधलं. श्रीलंकेतल्या यादवी युद्धात ऑगस्ट 2006 मध्ये उत्तरेला जाफन्याकडे जाणारा ए-9 रस्ता बंद झाल्यापासून विमान किंवा जहाज, एवढेच मार्ग उरले होते.

तेव्हा संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागायची, ती हातात पडल्याशिवाय तिकीट काढायला नको होतं. माझी तारीख हुकली आणि निम्मे पैसे बुडाले.

कोलंबोजवळच्या रत्मलाना विमानतळाला गॉल रोडवरून फाटकापर्यंत रिक्षावाल्याने सहाशे रुपये उकळले. सरळ चालत जायला हवं होतं. आत बॅग तीनदा रिकामी केली. टॉर्चचे सेल गेले ते गेलेच. मी पाण्याच्या पंपांच्या कामासाठी चाललो होतो, सुट्या भागांची यादी एकाच प्रतीत होती म्हणून तासभर उभं ठेवलं. तीन प्रती न्यायला हव्या होत्या.

विमान बराच वेळ समुद्रावरून गेलं. 1998 मध्ये जाफन्याजवळच्या पलाली विमानतळाहून निघालेलं प्रवासी विमान मन्नारजवळ समुद्रात पडलं, 55 माणसं गेली. विमानात कोणी फारसं बोलत नव्हतं.

पलालीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. माझे मामा 1987 साली भारताच्या शांतिसेनेत महार रेजिमेंटबरोबर इथेच उतरले होते, म्हणून थोडं थांबून बघायची फार इच्छा होती. थांबता येत नव्हतं. विमानातून थेट बसमध्ये, आणि बसच्या सगळ्या खिडक्यांना जाड पडदे. शहर जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर, पण संपूर्ण प्रवासातला हाच तुकडा सगळ्यात वाईट. पंखा नाही, हवा नाही, आणि बाहेर काय आहे ते कळत नाही.

शेजारी एक तमिळ आजी होत्या. एका वळणावर त्या हळूच एका गावाचं नाव म्हणाल्या, "वसाविळान." पुढच्या वळणावर बोटाने डावीकडे दाखवलं, आमचं घर तिकडे. तळाभोवतीची गावं युद्धात 1990 मध्ये रिकामी झाली, तेव्हापासून त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं. पडदा बंद असूनही त्यांना रस्ता पाठ होता.

मी पडदा चार बोटं सरकवला. छप्पर नसलेली भिंत, तिच्यात वाढलेलं झाड, मागे ताड. तेवढ्यात शिट्टी वाजली. बस अर्धा तास उन्हात उभी राहिली, सगळ्यांचे कागद पुन्हा तपासले, आजींची पिशवी रस्त्यावर उपडी केली. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. चूक माझी होती आणि ती अजून मनातून जात नाही. पडद्याला हात लावायला नको होता. कॅमेरा तर बॅगेच्या तळाशीच ठेवायचा.

जाफन्यातले चार दिवस नीट गेले, नल्लूरचं देऊळ पाहिलं. संध्याकाळी संचारबंदी असायची, रात्रीचं जेवण दिवसाउजेडी आणून ठेवावं लागायचं.

परतीच्या परवानगीचा अर्ज पोचल्या दिवशीच द्यायला हवा होता. मी दुसऱ्या दिवशी दिला आणि विमान चुकता चुकता राहिलं. स्थानिकांना हीच परवानगी मिळवायला कितीतरी जास्त दिवस लागायचे. रांगेत त्यांच्या पुढे घुसणं बरं नव्हतं, आपल्याला परदेशी पारपत्र पाहून कोणी पुढे बोलावलं तरी.